ओट्यावरची शाळा

नानांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खिशातला खडू काही गेला नाही. समोर कोणी उभं राहिलं की वर्ग भरलाच. मालवणच्या मासळीबाजारात बांगड्याची पाठ काळसर नि पोट पांढरं का, हे ते बांगडे विकणारीलाच शिकवतात. वरून बघणाऱ्या पक्ष्याला पाठ पाण्यात मिसळलेली दिसते, खालून येणाऱ्या मोठ्या माशाला पोट आभाळात. ती म्हणते, "नानानू, बांगडे घेवा आधी, शाळा मगे भरवा."

सध्या त्यांचा पटावरचा एकमेव विद्यार्थी म्हणजे अडीच वर्षांचा नातू, बाबू. पुण्याहून सून आणि बाबू मे महिन्यात आले. पोराला बटणं दाबायला मिळतील म्हणून सून म्हणाली, पणजीला मिरामारच्या विज्ञान केंद्रात नेऊ या. नानांचा चष्मा नाकावर घसरला. "मिरामार कित्याक? हेलियम गावलो आपल्या जिल्ह्यात, आणि आपण गोंयात जावचां?"

म्हणून आम्ही सगळे विजयदुर्गला. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. सूर्यग्रहण बघायला आलेल्या इंग्रजांनी दुर्बिणी ठेवण्यासाठी ते बांधले, एवढं कोकणात पोरासोरांना ठाऊक आहे. नानांनी बाबूला ओट्यापुढे उभं केलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली : १८ ऑगस्ट १८६८, खग्रास ग्रहण, लॉकियर साहेब इथे उभा, वर्णपटात एक पिवळी रेघ, पृथ्वीवर कोणालाच माहीत नसलेली! बोलता बोलता रेघ दाखवायला खडू ओट्याकडे वळला. "नाना, पुरातत्त्व खात्याचा किल्ला आहे," सून ओरडली. खडू मागे आला तो थेट बाबूच्या हातात आणि तिथून तोंडात. "कॅल्शियम आसा, काय होणा नाय," म्हणून नाना पुन्हा १८६८मध्ये गेले.

बाबूचं लक्ष तटाजवळच्या बकरीवर होतं. "माका बकरी होयी." गेल्या पंधरा दिवसांत पोरगं मालवणी शिकलं, तेवढंच काय ते शिक्षण. "बकरी मगे, आधी सूर्य," नाना म्हणाले. अडीच वर्षांच्या मुलाला कुठल्याही शास्त्रात 'मगे' नसतं. तो गेला, आम्ही त्याच्यामागे, आणि नाना वर्णपटासकट आमच्यामागे.

बकरी गाठल्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, "नाना, एक सांगू? १८६८च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच. आंध्रात गुंटूरला फ्रेंच जान्सेन होता. लॉकियरने ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. इथे तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रॅमसेनं हेलियम पृथ्वीवरसुद्धा शोधला होता, १८९५ साली." सून रसायनशास्त्र शिकवते, हे सांगायचं राहिलंच.

नाना गप्प झाले. लग्नानंतर इतके गप्प पहिल्यांदाच, असं काकी नंतर म्हणाल्या. मला वाईट वाटलं. चाळीस वर्षं वर्गात सांगितलेली गोष्ट बकरीच्या साक्षीने पडावी! सुनेनेही घाईघाईने, "ओटे मात्र खरे हं नाना," अशी मलमपट्टी केली. नाना ओट्यावर टेकले. वाघोटण खाडीच्या तोंडावरून वारा येत होता. मग मान वर झाली, चष्मा जाग्यावर आला.

"म्हणजे साहेब इलो होतो ना?"

"आला होता."

"मगे झालां! साहेब इलो खरो, तीस वर्सां उशिरान इलो." आणि बाबूला बकरीपासून सोडवून नव्या तारखेने धडा पहिल्यापासून सुरू. या वेळी बाबू ऐकत होता, कारण बकरी ओट्याच्या सावलीत येऊन बसली होती.

परतताना देवगडच्या नाक्यावर बाबूला फुगा घेतला. तो वर जाईना म्हणून बाबूने रडून गाव गोळा केला. त्यात साधी हवा होती. हेलियम हवेहून हलका म्हणून त्याचा फुगा वर जातो, हे नाना मालवण येईपर्यंत समजावत होते. बाबू कुणकेश्वरच्या अलीकडेच झोपला.

विजयदुर्गला १८ ऑगस्ट हेलियम दिन म्हणून साजरा होतो. तारीख कळूनही नाना जाणार आहेतच, "ग्रहणाचो काय दोष?" म्हणतात. सून-नातू तोवर पुण्याला गेलेले असतील, त्यामुळे गाडीत दोन जागा आहेत. घरात लहान मूल असेल तर जरूर कळवा. खाऊचा डबा ज्याचा त्याने आणावा, खडू नानांकडे आहे.