प्रो टाकून देणारा

एसटी स्टँडमागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला खेटून जो कॉम्प्युटर रिपेअरवाला बसतो, त्याला बंद पडलेली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायला चहा निवेपर्यंतचा वेळ पुरतो. त्याचं खरं कर्तृत्व त्यानंतर सुरू होतं. "काका, डिस्क बदलली ना, विंडोजचं लायसन्स उडालं. पण टेन्शन घेऊ नका, मी प्रो टाकून देतो." हे तो अगदी मनापासून सांगतो, आणि त्यात डिस्क बदलली एवढंच खरं असतं.

२०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून, कंपनीतूनच विंडोज घालून आलेल्या लॅपटॉपची पंचवीस अक्षरांची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेली असते. विंडोज १० पासून तर परवान्याची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या यंत्राच्या नावे राहते, आणि यंत्राची ओळख ठरवताना सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला. डिस्क गेली म्हणून परवाना जात नाही. नव्या डिस्कवर तीच आवृत्ती टाकायची, नेट जोडायचं, की काम आपोआप होतं. इन्स्टॉलर ती की स्वतः वाचतो आणि न विचारता 'होम' निवडतो. हे आमच्या माणसाला सहन होत नाही. त्याचा पेनड्राइव्ह मदरबोर्डला काही विचारायचंच नाही असा आधीच पढवलेला असतो. परवाना होमचा, वर बसवलं प्रो. मग कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' उमटणारच. ते दिसलं की तो अँटिव्हायरस बंद करतो ("हा उगाच बोंबलतो"), 'न्यू फोल्डर २' मधली एक फाइल चालवतो, काळ्या खिडकीत अक्षरं धावतात आणि कोपरा स्वच्छ होतो. लॅपटॉप घेताना ज्याने विंडोजचे पैसे मोजले, तो आता चोरीचं विंडोज घेऊन घरी जातो. वर "अपडेट मारू नका" हे पथ्य.

यावर कुणी म्हणेल, गरिबाला कुठलं परवडणार ओरिजिनल? सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसीपुरता हा मुद्दा खरा आहे. इथे पैसे आधीच भरलेले आहेत. मग तो लुबाडतो म्हणावं, तर तेही नाही. मजुरी दोन्हीकडे तेवढीच. माझ्या मते त्याला आपणच घडवला. २००१ साली एक्सपीबरोबर ॲक्टिव्हेशन आलं, तेव्हा नेट नसेल तर फोनवर पन्नास आकडे सांगायचे आणि पलीकडून आलेले बेचाळीस लिहून घ्यायचे, अशी सोय होती. त्या काळात क्रॅक ही त्याची विद्या झाली, आणि विद्या कुणी सुखासुखी टाकत नाही. शिवाय आपोआप झालेल्या कामाचे पैसे आपण देतो का? "काय केलंस रे, नुसतं नेट तर जोडलंस," म्हणून पन्नास रुपये कापणारे आपणच. काळी खिडकी उघडून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, की तेच पैसे घासाघीस न करता निघतात. त्यात 'होम' म्हटलं की आपल्याला बायकामुलांचं वाटतं आणि 'प्रो' म्हटलं की इंजिनिअरचं.

ऑफिसपुढे मात्र तो खरोखर हतबल होतो. लॅपटॉपबरोबर मिळालेलं कायमचं ऑफिस एका मायक्रोसॉफ्ट खात्याला बांधलेलं असतं. ते खातं पुष्कळदा विक्रीच्या दिवशी दुकानातल्या पोराने घाईत उघडलेलं, आणि त्याचा पासवर्ड ना पोराला आठवत, ना मालकाला. तिथेही तो हार मानत नाही. फोल्डर तोच, फाइल दुसरी.

तेव्हा डिस्क कुरकुरायला लागली, की ती मरायच्या आत सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. होम आहे की प्रो, ते चिठ्ठीवर लिहा, ऑफिसचं खातं कोणत्या ईमेलवर आहे तेही लिहा, आणि ती चिठ्ठी लॅपटॉपबरोबर त्याच्या हातात द्या. मजुरी मात्र कापू नका.