मी पाळत नाही, ती येतात

‘मी मांजरं पाळत नाही हो, ती येतात,’ असं सांगणाऱ्या बाईकडे किमान चार मांजरं आहेत असं खुशाल समजावं. आमच्या डोंबिवलीत दर तीन-चार इमारतींमागे अशी एक सापडते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, मुलगा परदेशात किंवा निदान पुण्यात, गाऊनवर ओढणी, मनगटावर ताजा ओरखडा. सगळी गल्ली तिला ‘मांजरवाल्या काकू’ म्हणते. खरं आडनाव फक्त वीजबिलावर उरलेलं असतं.

आमच्या काकूंकडे पाच होती. तिसऱ्या मजल्यावरचे लोक घर सोडून गेले तेव्हा टेम्पोत न मावलेला बोका, त्याचं नाव भाडेकरू. जिरं आणि मोहरी ही सख्खी भावंडं, पैकी मोहरी जरा तापली की तडतडते. सेक्रेटरी दिवसभर सोसायटीच्या ऑफिसबाहेर बसून असतो आणि काही करत नाही. खऱ्या सेक्रेटरींनी या नावाला हरकत घेतली, तेव्हा काकूंनी शांतपणे विचारलं, ‘का बरं, साम्य वाटतं का?’ आणि फ्रिजच्या डोक्यावर आक्का. तिरंगी. तिरंगी म्हणजे भाटीच, असा बोका क्वचितच जन्माला येतो, हे काकू पाहुण्याला चपला काढायच्या आत सांगतात.

काकू स्वतः पक्क्या शाकाहारी. चातुर्मासात वांगंही घरात येत नाही. पण दर रविवारी मासळी बाजारात नाकाला ओढणी लावून उभ्या राहतात आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी कल्ले उघडून लाल आहेत की नाही ते बघतात. कोळीण लांबूनच ओरडते, ‘काकू, तुमच्या पोरांची मांदेली बाजूला काढलीय!’ ही मांदेली घरच्या गॅसवर शिजत नाही. बाल्कनीत वातीचा स्टोव्ह आहे, त्यावर वेगळं पातेलं, वेगळा डाव. मीठ नाही, हळद नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण त्याने मांजराचं रक्त बिघडतं. काटे काढून ताटल्या लागतात. इतकं सोवळ्यातलं मासळीचं जेवण अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरीकडे शिजत नसेल.

कोणी प्रेमाने वाटीभर दूध घेऊन आलं तर काकू ते दारातूनच परत पाठवतात. मोठ्या मांजरांना दूध सहसा पचत नाही. मराठीतल्या मांजरावरच्या निम्म्या म्हणी त्या असं एका वाक्यात निकालात काढतात. सत्यनारायणाच्या प्रसादावर मात्र सेक्रेटरी झडप घालतो. त्याला भक्त समजू नये. मांजराला गोड चव कळतच नाही. त्याचा जीव शिऱ्यातल्या तुपावर. पूजा सांगायला येणारे गुरुजी पहिल्या वर्षी मांजर आडवं गेलं म्हणून तीन पावलं मागे गेले, पुन्हा निघाले, पुन्हा मागे गेले. त्या वर्षी कथेचा पहिला अध्याय जिन्यात झाला.

खाऊचं खातं स्वतंत्र आहे. हल्ली बारीक पुड्यांतून मिळणारं माशाचं चाटण चार वाजता प्रत्येकी अर्धी पुडी. पुडी फाडल्याचा आवाज झाला की हाकेला कधीही ओ न देणारी जनावरं तीन खोल्यांतून हजर होतात. आता इथे काकूंच्या शास्त्राबद्दल माझं मत सांगून टाकते. जिरं जेवणाच्या टेबलावर चढायचा. खाली उतरावा म्हणून काकू त्याला चाटण दाखवायच्या. जिरं उतरायचा, चाटायचा, आणि पुन्हा वर जायचा. आठवड्याभरात पाचही जणांना टेबलावर चढण्याचे फायदे कळले. काकू म्हणतात, ‘बघ, किती शहाणी आहेत, सांगितलं की उतरतात!’ शिकवणी कोण घेतंय आणि कोणाची, हे मी विचारलं नाही.

घरात मांजरं जितकी, त्याहून एक जास्त असा मातीच्या ट्रेचा हिशेब असतो. म्हणजे दोन बेडरूमच्या घरात सहा ट्रे. त्यातला एक काकांच्या टेबलाखाली. काका बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी. ‘मांजरांचं आणि माझं काही नाही,’ एवढंच म्हणतात आणि स्टुलावर बसतात. खुर्ची भाडेकरूची आहे.

औषध द्यायची वेळ आली की मात्र काकांना बोलावणं जातं. जुन्या टॉवेलात मांजर अळूवडीसारखं घट्ट गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. काकूंनी जबड्याच्या कडेने बोट घालून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटून धरायचं, गळा चोळायचा. मोहरी गिळते, ओठ चाटते, सोफ्याखाली जाते आणि तिथे गोळी काढून ठेवते. एकदा तिला ताप आला तेव्हा शेजारच्या वहिनी भलेपणाने पॅरासिटामॉल घेऊन आल्या. काकूंनी ती हातातून हिसकावून घेतली. माणसाची ती साधी गोळी मांजराचा जीव घेते. वहिनी आठ दिवस बोलत नव्हत्या, पण त्या गल्लीत आता कोणी मांजराला आपल्या डब्यातलं औषध देत नाही.

वार्षिक सभेत काकूंचा विषय ‘आयत्या वेळच्या विषयां’त येतो, दरवर्षी, ठरल्या वेळी. स्कूटरच्या सीटवर नख्या. काकू पर्समधून कागद काढून राज्यघटनेचं कलम ५१-अ वाचतात: प्राणिमात्रांवर दया हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, १९७६च्या घटनादुरुस्तीने. स्कूटरवाल्यांचं म्हणणं असतं की सीट कव्हरही त्यांनी घटनेला मानूनच विकत घेतलं होतं. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असं लिहितात.

मागच्या उन्हाळ्यात आक्काने खाणं सोडलं. म्हातारपणी बऱ्याच मांजरांना मूत्रपिंडं दगा देतात, तसंच झालं. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. सुई काकू टोचायच्या, बाटली उंच धरून उभे राहायचे काका. हात भरून आला तरी बदलायचे नाहीत. आक्का जून लागायच्या आत गेली.

पुढचा प्रश्न जागेचा. सोसायटीचं आवार गेल्या दिवाळीत कडेकोट पेव्हर ब्लॉकने भरून टाकलेलं, मूठभर माती शिल्लक नाही. रात्री सेक्रेटरी, म्हणजे माणूस, पहार घेऊन खाली आले. जास्वंदीजवळचे चार ब्लॉक त्यांनी स्वतः उचकटले, खड्डा खणला, आणि परत बसवताना एक नीट बसला नाही. तो अजून हलतो. पुढच्या सभेत कोणीतरी तक्रार केली की ब्लॉक सैल आहे, पाय अडखळतो. सेक्रेटरी म्हणाले, ‘बघू.’ स्कूटरवाले गृहस्थसुद्धा गप्प बसले.

घरात बाकीची चौघं काही दिवस आक्काला हुडकत खोल्याखोल्यांतून फिरली. फ्रिजवरची जागा रिकामी होती. एरवी रेसभर जागेसाठी फिसकारणाऱ्या मोहरीनेही लगेच वर उडी मारली नाही. मग एका दुपारी मारली, आणि भाडेकरूने खुर्चीतून एक डोळा उघडून नव्या व्यवस्थेला मंजुरी दिली. काकूंनी आक्काची ताटली घासून कपाटात ठेवली आणि जाहीर केलं, ‘आता बास. एकही नको. पुन्हा हे बघायची ताकद नाही.’ ही घोषणा आम्ही आधीही ऐकली आहे. प्रत्येक वेळी ती मनापासून असते आणि पहिल्या मोठ्या पावसापर्यंत टिकते.

यंदा जुलैत टिकली नाही. स्कूटरवाल्या गृहस्थांच्याच मोटारीच्या इंजिनाजवळ, ऊब धरून, दोन पिल्लं निघाली. ती वर कोणी आणून दिली याबद्दल गृहस्थ काही बोलायला तयार नाहीत.

तेव्हा पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारत जा, आणि आत हालचाल होते का ते बघा. पिल्लं द्यायची आहेत; एक पांढरं-काळं, एक पिवळट, दोन्ही खायला लागली आहेत. न्यायला याल तर झाकणाची टोपली आणा. काकूंचा चहा घेत बसू नका, नाही तर परत निघताना टोपलीत भाडेकरूही असेल आणि काका तुम्हाला जिन्यापर्यंत पोचवायला येतील.