इकडील सर्व क्षेम, तिसरा अंक बाकी

अमेरिकेत नाटककार वारला की त्याच्या पत्रांच्या वाटण्या होतात. खाजगी पत्रे एकीकडे, व्यावसायिक पत्रे दुसरीकडे. मग त्यांची खोकी भरतात, खोक्यांवर आकडे घालतात आणि एखादे विद्यापीठ ती सांभाळायला घेते. यूजीन ओनीलचे कागद असे येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. १९८८ मध्ये त्याच्या निवडक पत्रांचा ग्रंथ निघाला. त्याआधीच जॉर्ज जीन नेथन या टीकाकाराला लिहिलेल्या पत्रांचे एक पुस्तक निघाले होते आणि केनेथ मॅकगोवन या नाटकधंद्यातल्या सोबत्याला लिहिलेल्या पत्रांचे दुसरे. मित्रामागे एक पुस्तक! आपल्याकडे हा हिशेब लावला तर काही लेखकांची पत्रे हँडबिलावर मावतील.

वाशीमच्या माणसाला यात अडते ते एवढेच, की ही वाटणी करतात कशी? माणूस एक, हात एक, कार्ड एक. त्यात खाजगी कुठे संपले आणि धंद्याचे कुठे सुरू झाले, हे ठरवायला तलाठी बोलवायचा का?

आमचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, रिसोडकडे एका खेड्यात मास्तर होते. गणपतीत दरवर्षी एक नाटक, आणि ते त्यांनीच लिहिलेले. दिग्दर्शन त्यांचे, प्रॉम्प्टिंग त्यांचे, राजाचे काम करणारा ऐन वेळी शेतावर अडकला तर राजाही तेच. त्यांची स्वतःची पत्रे अर्थातच आमच्याकडे नाहीत, ती ज्यांना लिहिली त्यांच्याकडे गेली. आमच्याकडे आहे ती घराच्या भिंतीवर खुंटीला अडकवलेली लोखंडी तार आणि तिच्यात खोचलेली उत्तरे. पूर्वी घरोघरी अशी तार असे. आलेले पत्र वाचले, सगळ्यांना वाचून दाखवले, की तारेत खुपसायचे. तार भरली की दुसरी तार. हळदी-कुंकवाची बोटे लागलेली लग्नाची पत्रे तारेत जात. कोपरा फाडलेले, मरणाची खबर आणणारे कार्ड मात्र घरात ठेवत नसत.

त्या तारेवर अकोल्याच्या एका कपडेपटवाल्याचे कार्ड आहे. मोठेबाबांनी त्याला काय लिहिले असेल ते उत्तरावरून कळते. सप्रेम नमस्कार वि. वि. झाल्यावर तो लिहितो की राजाची मिशी दुसऱ्या अंकात सुटली याला आम्ही जबाबदार नाही, पात्रास घाम फार येत असावा. डिंक नवा पाठवत आहोत. कापसाला सध्या भाव बरा आहे, आणखी आठ दिवस थांबावे. आपण पुतणीसाठी विचारले होते, तर आमच्या शेजारी एक मुलगा आहे, मॅट्रिक पास, निर्व्यसनी. मागील वर्षाचे मुकुट व दोन तलवारी यांचे भाडे राहिले आहे. वडिलांस साष्टांग नमस्कार, लहानांस आशीर्वाद. ता. क. एक तलवार वाकून आली.

आता हे कार्ड येल विद्यापीठाने कुठल्या खोक्यात ठेवले असते? ती पुतणी म्हणजे माझी चुलतबहीण, आणि तिचे लग्न त्याच मॅट्रिक पास मुलाशी झाले. भाडे पोचल्याचे पत्र मात्र तारेवर नाही. त्या घरचे लोक अजून आमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, ते सोयरे म्हणून की मुकुटाच्या धनकोचे शेजारी म्हणून, हे मला कधी कळले नाही.

पत्र आणि नाटक यांचा वाशीमशी संबंध मोठेबाबांच्या हजारेक वर्षे आधीचा आहे. राजशेखराने इसवी सन ९०० च्या आसपास ‘कर्पूरमंजरी’ लिहिले, सबंध प्राकृतात. बायकोच्या, अवंतिसुंदरीच्या, इच्छेवरून ते रंगभूमीवर आले. म्हणजे नाटककाराच्या घरातली खाजगी बाब आणि त्याचा धंदा तेव्हाही वेगळे नव्हते. त्यात भैरवानंद नावाचा मांत्रिक राजाला काय पाहिजे ते माग म्हणतो, तेव्हा विदूषक दक्षिणेतल्या वच्छोम नगरात पाहिलेल्या एका मुलीचे नाव काढतो. वच्छोम म्हणजे वत्सगुल्म, म्हणजे आमचे वाशीम. मांत्रिक तिला तिथल्या तिथे दरबारात हजर करतो. बिचारीची नुकती आंघोळ झालेली, तशीच ओलेती येते. (वाशीमहून कोणी कुठे इतक्या लवकर पोचल्याची दुसरी नोंद माझ्या पाहण्यात नाही.) पुढे ही कर्पूरमंजरी राजाला पत्र लिहिते ते केवड्याच्या पानावर.

याच गावाचे दुसरे पत्र तांब्यावर आहे. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीने राज्याच्या ३७ व्या वर्षी एक गाव दान दिले, त्याचा हा ताम्रपट. थोडा संस्कृतात, थोडा प्राकृतात. तो १९३९ मध्ये वाशीमला मिळाला. प्रेमपत्र केवड्यावर आणि महसुली पत्र तांब्यावर. सोळाशे वर्षांनी हाती काय लागले ते उघड आहे. आजही वाशीमच्या कुठल्याही घरात सातबारा मागा, पाच मिनिटांत निघतो. आजीला आजोबांनी लिहिलेले पत्र मागून बघा.

बरे, मोठेबाबा हौशी. पण वऱ्हाडात बसून साऱ्या मराठी रंगभूमीशी टपालाने संसार केलेला नाटककार म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१. १८९७ मध्ये वकील झाले, आणि मग अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशी त्यांची वकिली झाली. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अकोल्यात विरघळला आणि १९९८ मध्ये पुन्हा बाहेर आला. मधल्या काळात अकोल्याचे जे काही थोर होते त्यात आमचाही वाटा आहे, असे मी धरून चालतो. खामगावकरांनी खुशाल हरकत घ्यावी.

कोल्हटकरांची ‘वीरतनय’, ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’ ही नाटके किर्लोस्कर नाटक मंडळीने केली. आता यातली टपालाची अडचण बघा. लेखकाचा पत्ता पक्का, पण नाटक मंडळीला पत्ताच नाही. तिचा असतो तो मुक्काम. आज पुणे, पुढच्या महिन्यात मुंबई, मग नागपूर नाहीतर बडोदा. जळगाव-जामोदहून पत्र आधी नांदुऱ्याच्या स्टेशनापर्यंत जाणार, तिथून आगगाडीत बसणार आणि ज्या गावी पोचणार तिथून मंडळीचा तंबू कदाचित कालच हललेला असणार. अशा पत्रात दुसऱ्या अंकातला एक प्रवेश बदलला असे लिहिलेले असले, तर ते पोचेपर्यंत जुन्याच प्रवेशाला टाळ्या पडून गेलेल्या. ओनीलच्या लहानपणी हेच झाले होते, उलट्या अंगाने. त्याचा बाप जेम्स ओनील ‘माँटे क्रिस्टो’ची भूमिका करत गावोगाव हिंडे, आणि पोरगा हॉटेलांत आणि आगगाड्यांत वाढला. त्या पोराने पुढे इतकी पत्रे का लिहिली याचे कारण मला तिथे दिसते. ज्याला कायमचा पत्ता नसतो तो दुसऱ्यांच्या पत्त्यांना फार जपतो.

आणि शब्द एकवेळ टपालाने जातील, चाल कशी जाणार? कोल्हटकरांनी पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली मराठी नाटकात आणल्या. पदाचे शब्द पाकिटात घातले, तिकीट लावले, पण गुणगुणणे पाकिटात मावत नाही. जुन्या नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असे लिहून दुसऱ्या कुठल्या तरी पदाचे पहिले शब्द दिलेले असतात, ती सोय याच अडचणीतून आली असावी. ज्याला ते दुसरे पद ठाऊक, त्याचे भागले. नसेल ठाऊक तर ते पद ज्याला येते असा माणूस गावात शोधायचा, तो सापडला की त्याला चहा पाजायचा, आणि त्याने भलतीच चाल म्हटली की तीच रूढ करायची. आमच्याकडची निम्मी नाट्यगीते मोठेबाबांच्या तोंडून ज्या चालीत ऐकली, त्या चाली पुढे मला कुठल्याही गायकाकडे सापडल्या नाहीत.

कोल्हटकरांच्या वकिलीने नाटकाला काय दिले ते सांगणे कठीण आहे, पण विनोदाला नक्की दिले. त्यांचा पहिला विनोदी लेख ‘साक्षीदार’, ‘विविधज्ञानविस्तारा’त १९०२ मध्ये आला. दिवसा ज्याची उलटतपासणी घ्यायची, त्याच्यावरच लेख लिहून मुंबईला पाठवायचा. यातले व्यावसायिक टपाल कोणते म्हणायचे? पुढे १९१० मध्ये ‘सुदाम्याचे पोहे’ पुस्तक झाले तेव्हा त्यात अठरा लेख होते, म्हणून त्याचे दुसरे नाव ‘अठरा धान्यांचे कडबोळे’. १९२३ मध्ये ते बत्तीस झाले, तेव्हा ‘साहित्य-बत्तिशी’.

त्यांचा शिष्य म्हणवण्यात राम गणेश गडकऱ्यांना अभिमान वाटे. गडकरी १८८५ चे, ओनील १८८८ चा. दोघांत तीन वर्षांचे अंतर, आणि दोघांच्या फुप्फुसात एकच रोग. ओनील १९१२ च्या नाताळच्या सुमारास क्षयाच्या आरोग्यधामात दाखल झाला, सुमारे सहा महिन्यांनी बरा होऊन बाहेर पडला, आणि आपण नाटककार व्हायचे हे तिथेच ठरवून आला. १९१४ मध्ये त्याने हार्वर्डमधल्या बेकर नावाच्या प्राध्यापकाला नाट्यलेखनाच्या वर्गात घेण्याविषयी पत्र लिहिले. प्रवेशअर्जच तो, पण त्यात माणसाने जीव ओतलेला. त्यालाही एका खोक्यात घालणे अवघड गेले असेल.

गडकऱ्यांना आरोग्यधाम लाभले नाही. ते आमच्या विदर्भातच, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. वय अवघे ३३. ‘भावबंधन’ त्यांनी मरणाच्या काही तास आधी पुरे केले असे सांगतात. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने आणि ‘भावबंधन’ बळवंत मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा लेखक नव्हता. ओनील ६५ वर्षे जगला, १९३६ चे नोबेल मिळाल्यावर प्रकृती बरी नाही म्हणून समारंभालाही गेला नाही, भाषण तेवढे लिहून पाठवले. लिहून पाठवायला उरलेली ती वर्षे गडकऱ्यांना मिळाली असती तर, असा विचार सावनेरच्या वाटेने जाताना मनात येतो आणि मग पुढचा फाटा चुकतो.

पत्र लिहिणारा ते स्वतःजवळ ठेवत नसतो, एवढे तरी मोठेबाबांच्या तारेने मला शिकवले. गुरूची पत्रे शिष्याच्या घरी, नाटककाराची मॅनेजरच्या ट्रंकेत, नाटक मंडळीची शिंप्याकडे आणि सावकाराकडे. मंडळ्या मोडल्या तशा त्या ट्रंका कुठे गेल्या कोण जाणे. कोणाच्या तरी सुनेबरोबर एखादे पत्र कारंज्याला आले असेल, एखादे मंगरूळपीरला. आणि गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यासा’तल्या विसरभोळ्या गोकुळाचे भाऊबंद गावोगाव आहेतच, त्यांच्या कोटाच्या खिशात राहिलेली पत्रे तर पोस्टाच्या हद्दीतच आली नाहीत.

गेल्या दिवाळीत घरच्या मंडळींनी आमच्या तारेकडे बोट दाखवले. “काहून ठेवली हे कागदं? वाळवी लागन भिंतीले.” रद्दीवाला दारात उभाच होता. मी घाबरत विचारले, “याचं काय देशील?” त्याने तार हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, “कार्डाले भाव नाही भेटत काकाजी, पेपराले भेटते. तार असन तर लोखंडात घेतो.” मराठी नाट्यव्यवहाराचे इतके रोखठोक मूल्यमापन मी कुठल्या परिसंवादात ऐकलेले नाही. मी तार घरात घेतली आणि पेपर त्याला दिले.

तेव्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मानोरा, कारंजा, मंगरूळपीर इकडच्या घरांना एक विनंती. माळ्यावर अशी तार असेल, तर ती लोखंडात देण्याआधी कार्डे एकदा वाचा. मोडीत असतील तर मोडी वाचणारा शोधा; राज्याचे पुराभिलेख खाते मोडी शिकवते, तिथून शिकून आलेले लोक आहेत. मोबाइलवर फोटो काढा आणि पत्त्याच्या बाजूचाही काढा, कारण शिक्का आणि तारीख तिकडे असते. नाटकाविषयी काही सापडले तर जवळच्या वाचनालयाला कळवा. आणि वाचताना मुकुटाचे, तलवारीचे भाडे राहिल्याचे कुठे आढळले, तर ते मात्र आम्हाला कळवू नका.