दूधवाल्याची कुत्री, पाद्र्याचं कूळ

आमच्या सोसायटीत कुत्रे दोन प्रकारचे आहेत : पेपरवाले आणि बिनपेपरचे. बिनपेपरचे पार्किंगमध्ये झोपतात, वॉचमनच्या बिस्किटात भागीदारी करतात आणि रात्री अनोळखी स्कूटरच्या मागे धावतात. पेपरवाले लिफ्टने खालीवर करतात. त्यांतली सर्वांत नवी भरती म्हणजे आमच्या मजल्यावरच्या काकांची चिंगी. जात जॅक रसेल टेरिअर. उंची गुडघ्याच्या आत, आवाज मात्र गच्चीपर्यंत. अंग पांढरं, तोंडावर तपकिरी ठिगळ, डावा कान दुमडलेला आणि उजवा कायम उभा. तिचं सर्टिफिकेट काकांनी लॅमिनेट करून घेतलंय. त्यावर तीन पिढ्यांचा तक्ता आहे. काकांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते नागपूरच्या बहिणीला फोन लावतात. चिंगीच्या पणजोबांचं मात्र तोंडपाठ आहे, आधीच्या ‘चॅम्पियन’ या बिरुदासकट.

“प्युअर लाइन आहे रे,” काका चहा पाजता पाजता सांगतात. “थेट पाद्रीबुवांपर्यंत जाते.”

आता पाद्रीबुवा वारले १८८३ साली आणि सर्टिफिकेट तीन पिढ्यांचं. मधल्या काळात कुत्र्यांच्या किती पिढ्या उलटल्या असतील याचा हिशेब काका मांडत नाहीत. ती जागा ते श्रद्धेनं भरून काढतात. काकूंचा चहा उत्तम होता म्हणून मी तिथे काही बोललो नाही. घरी येऊन मात्र पाद्रीबुवांच्या मागे लागलो.

रेव्हरंड जॉन रसेल, जन्म १७९५, गाव डार्टमथ, परगणा डेव्हन. लोक त्यांना जॅक म्हणत. शिकायला ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात होते, पण मन सगळं शिकारीत. पुढे डेव्हनमधल्या स्विमब्रिज या गावी चाळीसहून अधिक वर्षं पाद्री होते. शिकारी कुत्र्यांचा ताफा बाळगणारा पाद्री एक्झिटरचे बिशप फिलपॉट्स यांना पसंत नव्हता आणि त्यावरून दोघांचे खटके उडाले. बुवांनी ना चर्च सोडलं, ना कुत्रे. रविवारी प्रवचन, बाकीचे दिवस कोल्हा.

या घराण्याची मूळ कथा त्यांच्या विद्यार्थिदशेतली आहे आणि ती त्यांचे स्नेही डेव्हिस यांनी लिहिलेल्या चरित्रात येते. मे महिन्याची अखेर होती. हातात होरेसच्या कवितांचं पुस्तक घेऊन रसेलसाहेब अभ्यासासाठी नदीपल्याडच्या कुरणांकडे निघाले होते. होरेस हातातच राहिला, कारण मार्स्टन गावाच्या अलीकडे एक दूधवाला भेटला आणि त्याच्याबरोबर एक टेरिअर कुत्री होती. स्वप्नात पाहावी तशी. रसेलसाहेब जागेवरून हलले नाहीत. सौदा करूनच उठले. कुत्रीचं नाव ट्रम्प. (हसू नका, तेव्हा त्या नावाला कुणी हसत नव्हतं.) पांढरीशुभ्र, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तांबूस ठिगळं आणि शेपटीच्या मुळाशी एका पेनीएवढा ठिपका.

बस्स. एवढ्यावर सगळं कूळ उभं आहे.

साल कोणतं? कुणी १८१५ लिहितं, कुणी १८१९. गाव कोणतं? मार्स्टन म्हणावं तर पुढच्या कित्येक पुस्तकांनी ते एल्म्सफर्ड केलंय. ऑक्सफर्डच्या नकाशात मार्स्टनच्या शेजारी सापडतं ते एल्सफील्ड. एकानं वाचताना चूक केली आणि बाकीच्यांनी ती शुद्ध रक्तासारखी जपली. ट्रम्पचे आईवडील कोण? ते दूधवाल्यालाच ठाऊक, आणि त्याला कुणी विचारलं नाही. इतकी देखणी कुत्री त्यानं रस्त्यात उभ्या उभ्या विकली कशी, हेही नाही. माझा अंदाज असा की, ती गिऱ्हाइकांच्या पोटऱ्या धरत असावी. चिंगीला मी रोज पाहतो. दूधवाल्याची बाजू मला पटते.

ट्रम्पचं चित्रही आहे. ते पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राकडे, सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात, घोड्यांचा साज ठेवण्याच्या खोलीत लावलं होतं, आणि त्यानंच ते काढवून घेतलं असं सांगतात. राजपुत्राचा जन्म १८४१चा. म्हणजे ट्रम्प तोवर हयात असती, तर तिनं विशी ओलांडली असती. चित्र जिवंत कुत्री समोर बसवून काढलं असेल तर ते राजपुत्रानं काढवलेलं नाही, आणि त्यानं काढवलं असेल तर समोर ट्रम्प नाही. तरीही आदर्श जॅक रसेल कसा दिसावा, असं विचारलं की लोक त्या चित्राकडेच बोट दाखवतात. स्विमब्रिजमध्ये ‘जॅक रसेल’ याच नावाचं मद्यगृह आहे. तिथल्या पाटीवरही तीच. अत्रींपासून कश्यपांपर्यंत आपल्या गोत्रपुरुषांची कॅलेंडरवरची चित्रं बघत वाढलेल्या माणसाला याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. पाद्रीबुवा कुत्र्यांची पैदास करत, पण पैशाच्या बाबतीत ते शेवटपर्यंत पाद्रीच राहिले. हात आखडला की कुत्रे विकत, हात सैल झाला की पुन्हा ताफा उभा करत. असं एकदा नाही, अनेकदा झालं. प्रत्येक वेळी जे नवे कुत्रे आले ते ट्रम्पच्याच वंशातले होते असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? ते वारले तेव्हा त्यांच्याकडे फक्त चार म्हातारे टेरिअर उरले होते : रॅग्ज, स्लाय, फस आणि टिंकर. आणि गंमत अशी की हेच बुवा १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला तेव्हा त्याच्या आद्य सभासदांत होते. प्रदर्शनात जाऊन इतरांच्या फॉक्स टेरिअरना त्यांनी गुण दिले, स्वतःचे कुत्रे मात्र स्पर्धेत उतरवले नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभं राहावं आणि जेवायला घरी यावं, तसं. मला तर हा माणूस तिथेच आवडला.

बुवा गेल्यावर आर्थर हाइनमन नावाचे गृहस्थ वारसा सांगत पुढे आले. त्यांनी १८९४ साली डेव्हन आणि सॉमरसेट परगण्यांसाठी बिज्जू शिकारीचा क्लब काढला, त्याचं पुढे पार्सन जॅक रसेल टेरिअर क्लब असं बारसं झालं, आणि १९०४ साली या जातीचे पहिले लेखी निकष त्यांनीच मांडले. म्हणजे जात आधी आणि नियम बुवांच्या मागून वीस वर्षांनी. बरं, बुवांचा कुत्रा कोल्ह्याला बिळातून फक्त हुसकून बाहेर काढायचा. मारायचं काम त्याचं नव्हे. हाइनमन यांना बिज्जू हवा होता. बिज्जू काही भुंकण्यानं बाहेर येणारं जनावर नाही, म्हणून त्यांनी बुल टेरिअरचं रक्त त्यात मिसळलं. ते १९३०मध्ये गेले, कारभार ॲनी हॅरिस या बाईंकडे आला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर क्लबही मिटला. युद्धानंतर शिकारीला माणसं उरली नाहीत, पण घरी पाळायला छोटा कुत्रा सगळ्यांना हवा होता. मग कुणी त्यात कॉर्गी मिसळला, कुणी चिवावा. तोकड्या पायांचे, लांबट अंगाचे, गुबगुबीत जॅक रसेल सगळीकडे दिसू लागले.

इथवर सगळं खेळीमेळीत होतं. भांडण सुरू झालं ते जपायला काही उरलं नाही तेव्हा.

ज्यांनी आपला कुलवृत्तांत निघताना पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एक शाखा म्हणते आम्ही मूळ गावचे, दुसरी म्हणते तुमचे पूर्वज दत्तक आलेले, तिसरीनं मधल्या काळात आडनाव बदललेलं, आणि मूळ पुरुषाच्या नावापुढे सगळ्यांनी मिळून घातलेलं प्रश्नचिन्ह छापखान्यात गळून पडलेलं. ब्रिटनमध्ये १९७४ साली जॅक रसेल टेरिअर क्लब निघाला तो या धोरणावर की, केनेल क्लबची मान्यता घ्यायचीच नाही. मान्यता आली की कुत्रा देखणा होतो आणि बिळात जायचं विसरतो. १९८३मध्ये हाइनमन यांचा जुना क्लब दुसऱ्या मंडळींनी पुन्हा जिवंत केला आणि त्यांना मान्यताच हवी होती. ती १९९०मध्ये मिळाली, ‘पार्सन जॅक रसेल’ या नावानं. १९९९मध्ये त्यातून जॅक वगळला आणि पार्सन रसेल उरला. वगळलेला जॅक सव्वीस वर्षांनी, म्हणजे मान्यतेपासून मोजलं तर, २०१६मध्ये स्वतंत्र जात म्हणून परत आला. पार्सन उंच पायांचा आणि चौकोनी बांध्याचा, जॅक बुटका आणि लांबोडा. दोघांचा मूळ पुरुष एकच, दोघांच्या मंडळींचं एकमेकांशी बोलणं बेताचंच.

अमेरिकेत तर आणखी बहार. तिथल्या केनेल क्लबनं १९९७मध्ये जॅक रसेलला जवळ केलं, तेव्हा १९७६पासून त्याच कुत्र्यावर जीव टाकणारा तिथला जुना क्लब खवळला. अखेर २००३मध्ये केनेल क्लबनं त्याच कुत्र्याचं नाव पार्सन रसेल केलं आणि २०१२मध्ये बुटक्या भावाला नुसतं ‘रसेल’ म्हणून घेतलं. परिणामी त्या यादीत आज जॅक रसेल नावाचा कुत्राच नाही. आपणही मागे नाही म्हणा. मुधोळच्या हाउंडला आपल्याकडचा एक क्लब मुधोळ म्हणतो आणि दुसरा कारवान, आणि कुत्रा दोन्ही नावांना ओ देत नाही.

खवळलेल्या त्या जुन्या अमेरिकन क्लबची एक पद्धत मात्र मला सर्वांत शहाणपणाची वाटली. तिथे पिल्लांची सरसकट नोंदणी होत नाही. प्रत्येक कुत्रा मोठा झाला की त्याचा स्वतःचा निकाल लागतो. बापाच्या पुण्याईवर काही मिळत नाही. त्यात एक परीक्षा हाताच्या मापाची असते. कुत्र्याच्या पुढच्या पायांच्या मागून दोन्ही हात छातीभोवती घालायचे, अंगठे पाठीवर, बोटं खाली, आणि पुढचे पाय किंचित उचलायचे. सर्वसाधारण माणसाचे हात एकमेकांना टेकले पाहिजेत. कोल्हा जिथे शिरतो तिथे हाही शिरला पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार. जातिवंतपणाची याहून प्रामाणिक व्याख्या मी ऐकलेली नाही.

मी ही गोष्ट काकांना सांगितली आणि त्यांनी लगेच परीक्षा घ्यायचं ठरवलं. काकू चिंगीसमोर चीजचा तुकडा घेऊन बसल्या. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, हात मागून घातले, अंगठे जुळवले. खालून बोटं काही जुळेनात. मधे दोन बोटांचं अंतर, आणि त्या अंतरात काकूंच्या हातच्या तुपाची सारी हकिकत. “श्वास सोड गं,” काका म्हणाले. चिंगीनं श्वास सोडला नाही, चीज गिळलं, अंग फिरवलं आणि काकांच्या करंगळीला जेमतेम दात लावून सोफ्याखाली शिरली. त्या सोफ्याखालून माझी चप्पल हातानं निघत नाही. मी म्हटलं, “काका, बिळात शिरण्याचा पेपर पास.” काकूंनी हळद आणली.

मग मी आणखी एक धाडस केलं. मराठी घरांना हा कुत्रा काही आज माहीत झालेला नाही. काकांच्या माळ्यावर नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या आहेत आणि त्यांच्या मधोमध, कर्ण्यासमोर मान वाकडी करून तो बसलेला आहे. निपर त्याचं नाव. १८८४ साली ब्रिस्टलला जन्मला, पाहुण्यांच्या पोटऱ्या चावायचा म्हणून नाव निपर. कुणी त्याला जॅक रसेल म्हणतं, कुणी फॉक्स टेरिअर, कुणी त्यात बुल टेरिअर होता म्हणतं. तो १८९५मध्ये मेला आणि फ्रान्सिस बॅरोनं त्याचं चित्र काढलं ते मागाहून. मूळ चित्रात तो ग्रामोफोनसमोर नव्हताच. समोर नळकांड्याचा फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीनं १८९९मध्ये चित्र विकत घेतलं तेव्हा जुनं यंत्र रंगाखाली बुजवून त्यावर नवं रंगवलं. कुत्र्याची जात संशयास्पद, समोरचं यंत्र मागाहून चिकटवलेलं. आणि शंभर वर्षं त्याच्या एकाग्रतेवर कुणी संशय घेतला नाही.

काका ऐकत होते, पण भलत्याच दिशेनं. “म्हणजे निपर आपल्यातलाच?” त्यांनी विचारलं. आणि आता त्यांनी चिंगीचा कुलवृत्तांत लिहायला घेतलाय. जाड वही आणली आहे, समास आखलाय. निपरला त्यांनी ‘घराण्यातील कर्तबगार व्यक्ती’ या प्रकरणात टाकलंय, कलाक्षेत्र म्हणून. प्रस्तावना माझ्याकडे दिली आहे. काल रात्री दारावरची बेल वाजवून त्यांनी पहिलं पान माझ्यासमोर धरलं. मूळ गाव : मार्स्टन किंवा एल्सफील्ड. मूळ स्त्री : ट्रम्प. आणि खाली, ‘कोणाकडून प्राप्त’ या रकान्यात त्यांनी आधी दूधवाला लिहून मग ते खोडलं होतं.

“हे बघ,” काका आवाज उतरवून म्हणाले, “दूधवाला कशाला उगीच. आपण ‘दुग्धव्यवसायातील एका प्रतिष्ठित स्नेह्याकडून’ असं टाकू. काय?”