नुसते सोबत

कासार आंबोलीत तात्यांनी आजवर स्वतः म्हणून काही केलेलं नाही. ते नुसते सोबत असतात. जमिनीच्या व्यवहारात ना घेणारे, ना विकणारे, सोबत. मुलगी बघायला निघालेल्या जीपमध्ये पुढच्या सीटवर तात्या. बोलणी फिसकटली की "मी नुसता सोबत होतो", जमली की "मी होतो म्हणून". पिरंगुटपासून पौडपर्यंतच्या प्रत्येक भांडणात तात्या सापडतील, पण त्यांची सही असलेला कागद काही सापडायचा नाही.

हे वळण त्यांना म्हणे रानात लागलं. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. बंदूकवाले खिंडीत दबा धरून बसायचे आणि हाकारे डबे बडवत, कोकलत जाळीतलं जनावर त्यांच्याकडे उठवायचे. तात्यांनी आयुष्यात एकदाच बार काढला. त्या डुकराचं वजन दर दिवाळीला पाचेक किलोनं वाढतं. "माझा कोटा तेव्हाच भरला," ते सांगतात, "नंतर बंदुकीला हात लावला नाही. नुसता हाका." आवाज तर असा, की अंगणातून "अगं ए" म्हटलं की तीन घरांतून "ओ" येते. मटणाचा वाटा हाकाऱ्यांनाही मिळायचा. तो घ्यायला मात्र तात्या कुणाच्या सोबत गेल्याचं ऐकिवात नाही. एकटेच आणि सगळ्यांच्या आधी जात.

त्यांचा पुतण्या अमेरिकेत असतो, न्यूयॉर्क राज्यात. तिथं मे महिन्यात रानटी टर्कीची शिकार चालते. परवान्याबरोबर टॅग मिळतो. पक्षी पडला की तो टॅग त्याच्या पायाला. टॅग संपले की बंदूक घरी ठेवायची. पण रिकाम्या हातांनी दोस्ताबरोबर जाऊन, मादीचा आवाज काढून त्याच्यासाठी नर बोलवायला तिथं मुभा आहे. पुतण्यानं हे व्हिडिओ कॉलवर सहज सांगितलं आणि इकडे तात्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे माझाच कायदा की! अमेरिकेला पोचायला इतकी वर्षं लागली."

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेजाऱ्याच्या आंबेमोहोरात डुकरं शिरली. लोंब्या भरत आलेल्या, आणि सकाळी बघावं तर अर्धं खाचर लोळवलेलं. ज्याचं पीक गेलं त्याला विचारा. बाकीच्यांचं वन्यजीवप्रेम फार स्वस्तात पडतं, माझं धरून. संध्याकाळी टपरीवर तात्यांनी बेत मांडला. बंदूकवाला कुणीतरी आणायचा. "मी नुसता हाका घालीन. तेवढं चालतं. अमेरिकेतसुद्धा चालतं."

बाकड्याच्या टोकाला वनरक्षक बशीत चहा ओतत बसले होते. साध्या कपड्यांत होते, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"तात्या, १९७२च्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं, जनावर हाकणं, सगळं शिकारच. नुसता प्रयत्न केला तरी."

"हाकणंसुद्धा?"

"हाकणंसुद्धा. वर गुन्ह्याला मदत करणारा गुन्हा करणाराच धरतात. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. मोर असता तर कमीत कमी तीन वर्षं."

"पण परवाने होते की पूर्वी! लहान शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा."

"१९९१ला गेले ते. आता पिकावर डुक्कर आलं तर कलम ११खाली लेखी परवानगी काढावी लागते. कागदाशिवाय काही नाही."

तात्या गप्प झाले. दंडापेक्षा त्यांना दुसरंच लागलं असावं. आयुष्यभर ज्याला ते 'नुसतं' म्हणत आले, त्यालाही कायद्यानं शिकार ठरवून ठेवलं होतं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. तात्यांनी मिशीवर हात फिरवला. "म्हणजे त्या वेळची पस्तीस-चाळीस डुकरं माझ्याच नावावर म्हणायची!" वनरक्षकांनी बशी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेव्हा तात्या म्हणाले, "नाही, मी आपला नुसता सोबत असायचो."

शेवटी शेजाऱ्यानं नुकसानभरपाईचा अर्ज केला. अर्ज द्यायला पौडला तात्याच सोबत गेले, जाताना-येताना दोन्ही वेळा भाडं शेजाऱ्यानं दिलं. चार दिवसांनी खाचराच्या बांधावर पंचनामा झाला. पंच म्हणून सही करायला तात्यांना हाक मारली, तेव्हा ते साहेबांसाठी चहा सांगायला टपरीवर गेले होते.