धुळं अकरा मिनिटांवर

जळगावचं विमानतळ ते धुळ्याजवळची गोंदूरची धावपट्टी, सरळ रेषेत अंतर नव्वद किलोमीटरच्या थोडं वर. जळगावात उतरणारं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास पळतं. म्हणजे हिशेबानं अकरा मिनिटं. तेवढ्या वेळात आमची एसटी आकाशवाणी चौकसुद्धा ओलांडत नाही. तेव्हा जळगाव-धुळे विमानसेवेची मागणी रास्त आहे. १९०६ साली इंग्रजांनी खानदेशचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले, ते निदान वरून तरी शिवले जावेत.

फक्त विमान तेवढं नाही.

पण समजा, मिळालं. धुळं पश्चिमेला, म्हणून आपण निघायचं पूर्वेला, कारण विमानतळ कुसुंब्याच्या अंगाला. उड्डाणाच्या तासभर आधी हजर. पट्टा काढा, खिसे रिकामे करा, भरताच्या वांग्यांची पिशवी यंत्रातून सरकवा. कर्मचारी पडद्यावरची वांगी निरखेपर्यंत विनाथांबा एसटी बांभोरीचा पूल ओलांडून पाळधीच्या पुढं गेलेली. मग उड्डाण. हवाईसुंदरी पाण्याची बाटली घेऊन तिसऱ्या रांगेपर्यंत येते तोच पट्टे बांधायची सूचना. खाली धुळे शहर दिसतं आणि मागं पडतं, कारण गोंदूर देवपूरच्याही पलीकडे. तिथून रिक्षानं पुन्हा उलटं. रिक्षावाला विचारणार, ‘कथा चालना भो?’ आणि विमानाच्या तिकिटाचा अंदाज घेऊन भाडं सांगणार.

घाई कशाला, असंही कुणी म्हणेल. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. ‘उडान’ योजनेतलं प्रवासी विमान आलं २०१७च्या डिसेंबरात, आणि काही महिन्यांत गेलंही. पुढं दुसऱ्या कंपन्या आल्या. खालच्या महामार्गाचं तरी काय? तरसोद ते फागणे चौपदरीकरणात वर्षं गेली. क्रमांक मात्र कागदावर एका फटक्यात ६चा ५३ झाला.

बरं, धुळ्यात विमानं उडत नाहीत असं कोण म्हणतं? गोंदूरला बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ मुलं उडतात. उडायचं, धावपट्टीभोवती घिरटी घालायची आणि निघालो तिथंच उतरायचं. विकासाचा इतका प्रामाणिक सराव मी दुसऱ्या कुठल्याच खात्यात पाहिलेला नाही.

तरीही ही सेवा उद्या सुरू झालीच, तर परवा निवेदनं निघतील. एरंडोलला थांबा हवा. एरंडोलला दिला तर पारोळ्यानं काय घोडं मारलंय? अमळनेरकर म्हणतील, थांबा नको, विमान ‘मार्गे अमळनेर’ न्या. पाळधीचं शिष्टमंडळ एवढंच मागेल की पुलावर कोंडी असेल तेव्हा वैमानिकानं गिरणेच्या अलीकडची माणसं उचलून पलीकडे सोडावीत. सगळ्या मागण्यांचा ‘सहानुभूतीपूर्वक विचार’ होईल, आणि विमान दोन तासांत धुळ्याला पोहोचेल. एसटीही तेवढाच वेळ घेते. फक्त ती बसस्थानकात सोडते.