चप्पल लाइनीतली खरेदी : सुधारित नियम

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन झालं, मिसळ झाली, आता पायताण घ्यायचं राहिलं. इथवर जुनीच पद्धत चालते. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत शिरलात की मात्र नियम बदलतात. पूर्वी या खरेदीला पाय आणि जीभ एवढंच पुरे. आता फोनही लागतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पूर्वतयारी म्हणून घरीच ॲपवर 'कोल्हापुरी' शोधावं. ढीगभर जोड दिसतील. त्यांतले बरेच रेक्झिनचे असतात आणि त्यांनी पंचगंगा पाहिलेली नसते. वर्णनात 'एथनिक' दिसलं की पुढे सरकावं. कापशी, कुरुंदवाडी ही प्रकारांची नावं घालून बघण्याचा मोह टाळावा; ॲप बुचकळ्यात पडतं आणि बूट दाखवतं. ऑनलाइन भावाचा फोटो काढून ठेवावा, पण दुकानात दाखवू नये. दाखवलात तर मालक शांतपणे म्हणतो, "मग तितनंच घ्या की पाव्हणं." याला अजून कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

आता घासाघीस. भाव ऐकून उठायचं, दहा पावलं चालायचं आणि मागून हाक येण्याची वाट बघायची, ही जुनी विद्या. ॲपवर चालायला जागा नाही, असं वाटेल. पण जोड कार्टमध्ये टाकून दोन दिवस गप्प बसा, कूपन घेऊन तेही मागून हाक मारतं. ही अक्कल कंपन्यांनी चप्पल लाइनीतूनच उचलली असणार.

खरा धोका गल्ल्यावरच्या बोलक्या डब्याचा. मालक वाकून कानात सांगतो, "तुमच्यासाठी म्हणून साडेसहाशे. भाईर बोलायचं न्हाई." तुम्ही गदगदून भिंतीवरचा क्यूआरचा चौकोन स्कॅन करून पैसे पाठवता आणि डबा अख्ख्या लाइनीला कळवतो : सहाशे पन्नास रुपये प्राप्त झाले! शेजारच्या बाकावर तोच जोड आठशेला घेऊन बसलेल्या मावशी मान वळवतात. पुढचं बघायला थांबू नये. शहाणं गिऱ्हाईक आधी चारशे पाठवतं, मग अडीचशे; मावशींची बेरीज होईतो आपण महाद्वार रोडला लागलेलो असतो. त्याहून शहाणं गिऱ्हाईक काहीच न विचारता अर्धा तास पाय मोकळे करत बसतं आणि डब्याकडे कान देतं. भाव आपोआप कळतो.

काही जोडांवर आणखी एक चौकोन असतो, लिडकॉमने, म्हणजे महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने, २०२५ मध्ये आणलेला. तो स्कॅन केला की चप्पल कुणी, कुठे, कशाची बनवली ते कळतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर तसाच अंगठा, तसाच पट्टा चालवला, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. गदारोळ झाल्यावर घेतलं. डिसेंबरात लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकरशी प्राडाचा करार झाला : २,००० जोड, एकाची किंमत सुमारे ८०० युरो. (तिथे डबा ठेवत नसावेत.) तेव्हा हा चौकोन जरूर स्कॅन करा. ज्या कारागिराचं नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारलं नाही, ते फोन विचारतो, हे बरंच झालं. फक्त गल्लत नको : नाव या चौकोनात असतं, पैसे भिंतीवरच्या चौकोनात जातात.

शेवटी, नवं पायताण चावतं. ॲपवाल्यांना हे कळवून उपयोग नाही. ते चावायचं थांबेपर्यंत परतीची मुदत संपते, आणि घातलेला जोड ते घेतही नाहीत. मालकाला सांगितलंत तर तो म्हणेल, "घाला वो, पायाचं हुतंय." होतंही, पण तेल पाजावं लागतं. घरी खोबरेल संपलं असेल तर एसटी पकडण्याआधी लक्ष्मीपुरीतून घ्या.